घरमालक-नोंदणी, स्कॉटलंडमधील

खासगी मालकीचे राहते घर भाड्याने देणाऱ्या व्यक्तीने आपले नाव, पत्ता आणि भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराचा तपशील स्थानिक शासनसंस्थेच्या नोंदवहीत नोंदविण्याची स्कॉटलंडमधील वैधानिक पद्धती. ती २००४ च्या अधिनियमाने निर्माण झाली व ३० एप्रिल २००६ पासून अंमलात आली. घर भाड्याने देणे हा मालकाचा केवळ खासगी व्यवहार नसून ते एक सार्वजनिक जबाबदारीचे काम आहे व ते करणारी व्यक्ती त्यास लायक असली पाहिजे, हे या पद्धतीमागील मूलतत्त्व होय. तिचा प्रभाव आणि तिच्या मर्यादा सर्वांत स्पष्टपणे दिसतात त्या संमिश्र वापराच्या इमारतींत, म्हणजे तळमजल्यावर दुकाने, उपाहारगृहे वा मद्यगृहे आणि वरच्या मजल्यांवर राहत्या सदनिका अशी रचना असलेल्या इमारतींत. एडिंबरो व ग्लासगो या शहरांच्या जुन्या वस्त्या प्रामुख्याने अशाच इमारतींच्या आहेत. त्यामुळे नोंदणीचा इतिहास हा पुष्कळ अंशी या इमारतींचाही इतिहास ठरतो.

इमारतीचे स्वरूप : स्कॉटलंडमध्ये अनेक कुटुंबांच्या बहुमजली दगडी इमारतीस ‘टेनमेंट’ म्हणतात. ग्लासगोत ती सामान्यतः चार मजली असते. रस्त्याच्या बाजूस तळमजल्यावर दुकाने असतात आणि दोन दुकानांच्या मधून एक अरुंद वाट आत जिन्याकडे जाते. या वाटेला व जिन्याला मिळून ‘क्लोज’ असे म्हणतात. दुकानाचे दार थेट रस्त्यावर उघडते, तर वरची सर्व बिऱ्हाडे क्लोजमधून ये-जा करतात. पुष्कळदा दुकानाला रस्त्यावरील स्वतःचा क्रमांक असतो आणि वरच्या सर्व सदनिकांना मिळून जिन्याचा एकच वेगळा क्रमांक असतो. अशा रीतीने एकाच छपराखालील इमारत पत्त्यांच्या यादीत दोन-तीन निरनिराळ्या क्रमांकांखाली विखुरलेली आढळते. ही बाब वरवर क्षुल्लक वाटली, तरी इमारतीची जबाबदारी कोणाची, हे ठरविताना तिला महत्त्व प्राप्त होते.

पूर्वपीठिका : एडिंबरोचे जुने नगर एका अरुंद डोंगरकण्यावर तटबंदीच्या आत वसलेले असल्यामुळे त्याची वाढ आडवी न होता उभी झाली. तेथील उंच इमारतीस ‘लँड’ अशी संज्ञा होती. टॉमस ग्लेडस्टेन्स नावाच्या व्यापाऱ्याने १६१७ मध्ये लॉनमार्केट भागातील अशी एक इमारत विकत घेऊन वाढविली. तळाशी दुकान, एका मजल्यावर मालकाचे बिऱ्हाड आणि उरलेल्या मजल्यांवर भाडेकरू, अशी तिची व्यवस्था होती. ‘ग्लॅडस्टन्स लँड’ या नावाने ओळखली जाणारी ही इमारत १९३४ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने मिळविली व ती आजही जतन केलेली आहे. घर, दुकान आणि भाडे यांचा एकाच छपराखालील संबंध तिच्यात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

त्याच १६१७ साली स्कॉटलंडच्या संसदेने स्थावर मालमत्तेचे दस्तऐवज नोंदविण्यासाठी सार्वजनिक नोंदवही (रजिस्टर ऑफ सेसीन्स) स्थापन केली. संपूर्ण राष्ट्राला लागू असलेल्या व सर्वांना खुल्या असलेल्या भूमि-नोंदवह्यांत हिची गणना अत्यंत जुन्यांत होते. दुकान असो वा घर, त्याच्या मालकीहक्काचा दस्तऐवज या वहीत नोंदला जाई. मात्र वहीचा उद्देश मालकाचा हक्क सुरक्षित करणे हा होता. मालकाच्या कर्तव्यांविषयी ती काही सांगत नसे. १९८१ पासून नकाशांवर आधारलेली नवी भूमि-नोंदवही टप्प्याटप्प्याने तिची जागा घेऊ लागली.

कर्तव्यांचा विचार न्यायालयांनी घडविलेल्या ‘टेनमेंटच्या कायद्या’त होता. या कायद्यानुसार इमारतीखालची जमीन तळमजल्याच्या मालकाची आणि छप्पर सर्वांत वरच्या मजल्याच्या मालकाचे मानले जाई. प्रत्येकाने आपला भाग अशा स्थितीत ठेवावयाचा, की इतरांचा आधार वा निवारा धोक्यात येणार नाही. दस्तऐवजात निराळी अट नसेल, तर छपराच्या दुरुस्तीचा भार वरच्या मजल्यावर पडे आणि त्याच छपराचा आश्रय घेणारा तळमजल्याचा दुकानदार त्यातून सुटे. दस्तऐवजांतील अटी इमारतीगणिक भिन्न असल्याने वाद वारंवार उद्‌भवत.

एकोणिसावे शतक : औद्योगिकीकरणामुळे शहरांत लोकसंख्येचा पूर आला आणि जुन्या इमारतींत खोल्यांचे तुकडे पाडून ते भाड्याने दिले जाऊ लागले. एडिंबरोच्या हाय स्ट्रीटवरील पेस्ली क्लोज येथील एक जुनी इमारत २४ नोव्हेंबर १८६१ रोजी रात्री कोसळून ३५ माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेनंतर हेन्री लिटलजॉन यांची १८६२ मध्ये शहराचे पहिले आरोग्याधिकारी म्हणून नेमणूक झाली. त्यांनी १८६५ मध्ये सादर केलेला शहराच्या आरोग्यस्थितीवरील अहवाल आणि त्यानंतरचा १८६७ चा शहरसुधारणा अधिनियम यांनी जुन्या वस्त्यांच्या पुनर्रचनेस चालना दिली.

ग्लासगोने वेगळा मार्ग पत्करला. १८६२ च्या पोलीस अधिनियमान्वये लहान घरांचे आतील घनफळ मोजण्यात आले आणि २,००० घनफुटांपर्यंतच्या घरांच्या दारांवर पत्र्याची चकती ठोकण्यात आली. घराचे घनफळ आणि त्यात किती माणसांनी झोपावयाचे तो आकडा तिच्यावर असे. प्रत्येक प्रौढ माणसास ३०० घनफूट जागा असे प्रमाण ठरलेले होते. आरोग्यनिरीक्षक मध्यरात्री दार ठोठावून माणसे मोजीत. भाड्याच्या घरांची शासकीय नोंद करण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होय. परंतु त्यात नोंद झाली ती घराची, आणि धाक बसला तो घरात दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब भाडेकरूस. त्या दाटीतून भाडे मिळविणाऱ्या मालकाचे नाव चकतीवर नव्हते.

मालकाचे नाव होते ते वेगळ्या वहीत. १८५४ च्या अधिनियमाने स्कॉटलंडमध्ये प्रतिवर्षी मूल्यांकनपट तयार करण्याची पद्धती सुरू झाली. १८५५ पासूनच्या या पटांत प्रत्येक मालमत्तेसमोर मालक, भाडेकरू व प्रत्यक्ष वहिवाटदार यांची नावे आणि वार्षिक भाडेमूल्य लिहिलेले असे. खाली किराणा दुकान, शेजारी मद्यगृह आणि वर बिऱ्हाडे असलेल्या टेनमेंटची संपूर्ण आर्थिक रचना या पटात एकत्र दिसते. मात्र पटाचे प्रयोजन स्थानिक करांची आकारणी एवढेच होते. छप्पर गळते काय, जिना ढासळला आहे काय, हे विचारण्याचे ते साधन नव्हते. शिवाय व्यवहारात भाडेकरूची गाठ मालकाशी क्वचितच पडे. भाडेवसुली, दुरुस्ती आणि घर खाली करविणे ही कामे ‘फॅक्टर’ या नावाने ओळखला जाणारा कारभारी पाही. मालक अदृश्य आणि फॅक्टर दृश्य, अशी ही व्यवस्था दीर्घकाळ टिकली.

भाडेबंदीचा लढा : पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) ग्लासगोच्या जहाजबांधणी व दारूगोळा कारखान्यांत हजारो कामगार आले. घरांची टंचाई झाली व मालकांनी भाडी वाढविली. पुरुष आघाडीवर वा कारखान्यात असल्यामुळे फॅक्टरशी सामना करण्याचे काम स्त्रियांवर आले. गव्हन भागात मेरी बार्बर यांनी शेजारणींना संघटित करून वाढीव भाडे नाकारण्याची चळवळ उभारली. जप्तीसाठी अधिकारी येताच घंटा वाजवून साऱ्या इमारतीला सावध करावयाचे आणि स्त्रियांनी क्लोज अडवून धरावयाची, ही त्यांची रीत होती. १९१५ च्या शरदऋतूत सुमारे २०,००० कुटुंबे या भाडेबंदीत सामील झाली होती. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी काही भाडेकरूंवरील खटल्यांच्या वेळी न्यायालयाबाहेर प्रचंड जमाव लोटला व खटले मागे घेण्यात आले. त्यानंतर डिसेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश संसदेने भाडे व गहाणव्याज यांच्या वाढीवर निर्बंध घालणारा अधिनियम संमत केला आणि ठराविक मूल्यापर्यंतच्या घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठविली. मेरी बार्बर १९२० मध्ये ग्लासगोच्या नगरसेविका झाल्या. २०१८ मध्ये गव्हन येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

या कायद्याचा रोख भाड्यावर होता, मालकाच्या लायकीवर नव्हता. संमिश्र जागांचा प्रश्न मात्र लवकरच पुढे आला. घराच्या एका भागात दुकान असेल, तर ते घर कायद्याच्या संरक्षणातून बाद होते काय? १९२० च्या अधिनियमाने याचे उत्तर दिले. जागेचा काही भाग दुकान, कचेरी वा व्यवसायासाठी वापरला जातो एवढ्याच कारणावरून घर कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. दुकानाच्या मागे वा वर राहणाऱ्या लहान व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची होती.

घर आणि दुकान यांची फारकत : दुसऱ्या महायुद्धानंतर दुकानांचे भाडेकरू अडचणीत आले, तेव्हा त्यांच्यासाठी १९४९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. जागा सोडण्याची सूचना मिळालेल्या दुकानदारास शेरीफ न्यायालयाकडे अर्ज करून एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाची मुदतवाढ मागण्याचा अधिकार या कायद्याने दिला. तो प्रारंभी तात्पुरता होता, १९६४ मध्ये कायम झाला. अशा रीतीने एकाच इमारतीतील तळमजल्यास एक कायदा व वरच्या मजल्यांस दुसरा, ही विभागणी रूढ झाली.

याच काळात नगरपालिकांनी मोठ्या प्रमाणावर घरे बांधली. १९७० च्या दशकात स्कॉटलंडमधील निम्म्याहून अधिक कुटुंबे सार्वजनिक मालकीच्या घरांत राहत होती आणि खासगी घरमालक हा एक अस्तंगत होत चाललेला वर्ग समजला जाई. १९८० च्या कायद्याने सार्वजनिक घरे भाडेकरूंना विकत घेण्याचा हक्क दिला. १९८८ च्या गृहनिर्माण अधिनियमाने खासगी भाडेव्यवहारावरील निर्बंध सैल केले. १९९९ मध्ये स्कॉटलंडमधील सुमारे ५ टक्के कुटुंबे खासगी भाड्याच्या घरांत राहत होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर गेले. मागे पडलेला खासगी घरमालक पुन्हा पुढे आला होता. परंतु तो आता बहुधा एक-दोन सदनिकांचा मालक होता.

नेमक्या याच काळात त्याचे नाव सार्वजनिक वहीतून गळाले. १ एप्रिल १९८९ पासून स्कॉटलंडमध्ये घरांवरील जुना स्थानिक कर रद्द होऊन दरडोई कर सुरू झाला आणि राहती घरे मूल्यांकनपटातून वगळण्यात आली. पटात उरली ती दुकाने, कचेऱ्या व इतर बिगरनिवासी मालमत्ता. जवळजवळ १३४ वर्षे ज्या वहीत खालचे दुकान व वरचे घर शेजारी-शेजारी लिहिले जात होते, ती वही दुभंगली. दरडोई कर १९९३ मध्ये गेला व त्याऐवजी परिषद-कर आला. परंतु घरे जुन्या पटात परतली नाहीत. घराची मालकी भूमि-नोंदवहीत पाहता येई. पण ते घर भाड्याने दिलेले आहे काय व त्याची जबाबदारी कोण घेतो, हे सांगणारी वही उरली नव्हती.

नोंदणीकडे वाटचाल : १९९९ मध्ये ग्लासगोतील एका भाड्याच्या तळघर-सदनिकेस आग लागून दोन विद्यार्थी मृत्यू पावले, खिडक्यांना गज असल्याने त्यांना बाहेर पडता आले नाही. या घटनेनंतर, परस्परांशी नाते नसलेल्या अनेक व्यक्ती एकत्र राहतात अशा घरांना ऑक्टोबर २००० पासून परवाना सक्तीचा झाला. २००० मध्येच एडिंबरोत एका मद्यगृहाच्या इमारतीवरील दगड खाली कोसळून तेथे काम करणारी एक तरुणी मरण पावली. पहिल्या घटनेने सदनिकेच्या आतील धोका दाखविला, तर दुसरीने इमारतीच्या सामाईक भागांचा. या दोन धोक्यांचा विचार पुढे दोन वेगवेगळ्या कायद्यांनी केला, आणि नोंदणीच्या इतिहासातील पेच तेथेच निर्माण झाला.

नोंदणीला तात्कालिक निमित्त मिळाले ते शेजाऱ्यांना होणाऱ्या उपद्रवाचे. भाडेकरू उपद्रव देतात, मालक दूर कोठेतरी असतो आणि शेजाऱ्यांना त्याचे नावही ठाऊक नसते, अशा तक्रारी वाढल्या होत्या. १९९९ मध्ये पुनःस्थापित झालेल्या स्कॉटिश पार्लमेंटने २००४ मध्ये समाजविघातक वर्तनाला आळा घालणारा अधिनियम संमत केला. त्याच्या आठव्या भागात खासगी घरमालकांच्या नोंदणीची तरतूद आहे.

नोंदणीची कार्यपद्धती : स्कॉटलंडमधील ३२ स्थानिक परिषदांपैकी प्रत्येकीने आपल्या क्षेत्रातील घरमालकांची नोंदवही ठेवावयाची असते. अर्जात मालकाचे नाव व पत्ता, भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराचा पत्ता आणि प्रतिनिधी नेमला असल्यास त्याचा तपशील द्यावा लागतो. घर संयुक्त मालकीचे असेल, तर प्रत्येक सहमालकाची नोंदणी आवश्यक असते. अर्जदार ‘योग्य व पात्र व्यक्ती’ आहे काय, हे परिषद ठरविते. फसवणूक, अप्रामाणिकपणा, हिंसा वा मादक द्रव्ये यांसंबंधीचे गुन्हे, भेदभावाचे वर्तन, घर व भाडेकरार यांविषयीच्या कायद्यांचे उल्लंघन आणि आपल्या भाडेकरूंच्या उपद्रवाबाबत मालकाने दाखविलेली दक्षता वा बेपर्वाई, या बाबी विचारात घेतल्या जातात. नोंदणीची मुदत तीन वर्षांची असते व तीनंतर तिचे नूतनीकरण करावे लागते.

नोंदवही सर्वांस खुली असून घराच्या पत्त्यावरून तीत शोध घेता येतो. नोंदणी न करता घर भाड्याने देणे हा गुन्हा आहे. आरंभी त्यासाठी कमाल दंड ५,००० पौंड होता; २०११ च्या अधिनियमाने तो ५०,००० पौंडांपर्यंत वाढविला आणि दोषी व्यक्तीस पाच वर्षांपर्यंत नोंदणीस अपात्र ठरविण्याचा अधिकार न्यायालयास दिला. याहून परिणामकारक ठरणारे साधन म्हणजे परिषदेची भाडेबंदी सूचना. ती लागू असेपर्यंत भाडेकरूवर भाडे देण्याचे बंधन राहत नाही. भाडेकराराच्या इतर अटी मात्र कायम राहतात. १९१५ मध्ये ग्लासगोच्या स्त्रियांनी कायद्याविरुद्ध उगारलेले भाडेबंदीचे हत्यार नव्वद वर्षांनी अशा रीतीने कायद्याच्याच हाती आले.

ज्या घरात मालक स्वतः राहतो ते घर, शेतीच्या पट्ट्यातील घरे, सुट्टीपुरती दिलेली घरे आणि धार्मिक संघांची निवासस्थाने यांना नोंदणीतून सूट देण्यात आली. सुट्टीतील व अल्पमुदतीच्या निवासासाठी दिल्या जाणाऱ्या सदनिकांसाठी २०२२ च्या आदेशाने स्वतंत्र परवाना-पद्धती आली. मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या फॅक्टरांची नोंदणी २०१२ पासून आणि घरे भाड्याने लावून देणाऱ्या प्रतिनिधींची नोंदणी २०१८ पासून सक्तीची झाली. एकोणिसाव्या शतकात मालकाआड उभा असलेला फॅक्टर असा शेवटी स्वतःच नोंदवहीत आला.

संमिश्र इमारतींतील पेच : नोंदणीच्या कायद्यात ‘घर’ म्हणजे राहण्यासाठी वापरली जाणारी इमारत वा तिचा भाग. त्यामुळे संमिश्र इमारतीची नोंदणी इमारत म्हणून होत नाही. तिच्यातील भाड्याने दिलेली प्रत्येक सदनिका स्वतंत्रपणे नोंदली जाते. खालचे दुकान भाड्याने दिलेले असले, तरी केवळ त्या कारणाने त्याच्या मालकास नोंदणी करावी लागत नाही. एकाच व्यक्तीचे खाली दुकान व वर सदनिका असेल, तर तिचे नाव सदनिकेपुरते नोंदवहीत येते, दुकानापुरते येत नाही. डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या खासगी निवासी भाडेकराराच्या नव्या कायद्यातूनही दुकानांचे व परवानाधारक मद्यगृहांचे भाडेकरार वगळलेले आहेत.

याउलट, त्याच २००४ साली त्याच पार्लमेंटने संमत केलेल्या टेनमेंट अधिनियमात ‘सदनिका’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. जागा निवासासाठी वापरली जात असो वा नसो, तिला त्या कायद्यात सदनिकाच समजतात. म्हणजे दुकानही सदनिका ठरते. त्या वर्षाच्या अधिनियमांच्या क्रमवारीत नोंदणीचा कायदा आठवा व टेनमेंटचा कायदा अकरावा आहे. इतक्या जवळच्या दोन कायद्यांपैकी एक दुकानाला इमारतीचा घटक मानतो, तर दुसरा त्याच्या दारापाशी थांबतो.

टेनमेंट अधिनियम २८ नोव्हेंबर २००४ पासून अंमलात आला. ज्या इमारतींच्या दस्तऐवजांत तरतूद अपुरी आहे, त्यांना त्यातील व्यवस्थापन-योजना लागू होते. तीनुसार पाया, बाह्य भिंती व छप्पर यांच्या देखभालीचा निर्णय सदनिकांच्या मालकांनी बहुमताने घ्यावयाचा असतो व प्रत्येक सदनिकेस एक मत असते. खर्च सामान्यतः समान वाटला जातो. परंतु सर्वांत मोठ्या सदनिकेचे क्षेत्रफळ सर्वांत लहान सदनिकेच्या दीडपटीहून अधिक असेल, तर तो क्षेत्रफळाच्या प्रमाणात विभागला जातो. तळमजल्यावर प्रशस्त दुकान असेल, तेव्हा या नियमाने त्याचा वाटा वाढतो. मात्र ज्या क्लोजमधून दुकानाला प्रवेश नाही, तिच्यात त्याची सहमालकी नसते. जुन्या कायद्यात वरच्या मजल्यावर पडणारा छपराचा भार अशा रीतीने दुकानापर्यंत वाटला गेला, हा या कायद्याचा मोठा लाभ होय.

तथापि भाडेकरूच्या दृष्टीने पेच सुटत नाही. २००६ च्या गृहनिर्माण अधिनियमाने भाड्याच्या घरांसाठी दुरुस्तीचे किमान मान ठरविले व ते सप्टेंबर २००७ पासून लागू झाले. घराची रचना व बाह्यांगे सुस्थितीत असावीत, ही त्यातील एक अट असून इमारतीच्या ज्या सामाईक भागांची जबाबदारी मालकावर आहे, ते भागही तीत येतात. पण दुरुस्तीसाठी आवश्यक ते अधिकार मिळविण्याचे योग्य प्रयत्न करूनही मालकाला ते मिळाले नाहीत, तर त्याने कर्तव्यात कसूर केली असे मानले जात नाही. समजा, दोन मोठ्या दुकानांच्या वर दोन सदनिका आहेत आणि छप्पर गळते आहे. सदनिकांचे नोंदणीकृत मालक दुरुस्तीस तयार आहेत. दुकानांचे मालक नाहीत. मते समसमान झाली, की बहुमत होत नाही. भाडेकरू नोंदवही उघडून आपल्या मालकाचे नाव पाहू शकतो, परंतु छत गळत राहण्यास कारण झालेल्या दुकानमालकाचे नाव त्या वहीत नसते. त्यासाठी त्याला भूमि-नोंदवहीकडे वळावे लागते, व तेथेही नाव कळते, उत्तरदायित्व नव्हे. सहमालक आपला वाटा देत नसेल, तर परिषदेने तो भरून मागाहून त्याच्याकडून वसूल करण्याची सोय कायद्यात आहे. पण मुळात निर्णयच झाला नसेल, तर तिचा उपयोग होत नाही. अशा वेळी परिषदेच्या दुरुस्तीविषयक आदेशांचा वा न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागतो.

मूल्यमापन : नोंदणीवर प्रारंभापासून एक आक्षेप घेतला जातो, की कायदा पाळणारे मालक स्वतःहून नोंदणी करतात व ज्यांच्यावर अंकुश हवा ते बाहेरच राहतात. नोंदणीचे शुल्क मालकाने द्यावयाचे, परंतु तपासणीस मनुष्यबळ अपुरे, अशीही टीका झाली. आक्षेपांत तथ्य असले, तरी नोंदणीने एक मूलभूत बदल घडविला, हे नाकारता येत नाही. चकतीच्या काळात शासनाने भाडेकरूला मोजले. १९१५ नंतर भाडे मोजले. २००६ पासून मालकाला ओळखावयास प्रारंभ केला. २०१९ पासून अर्जदारास आग, वायू व वीज यांविषयीच्या सुरक्षितता-नियमांबरोबर सामाईक दुरुस्तीच्या जबाबदारीविषयीही निवेदन करावे लागते. नोंदवहीने सदनिकेच्या दाराबाहेर, जिना व छपरापर्यंत टाकलेले हे पहिले पाऊल म्हणता येईल.

अन्य प्रदेश : उत्तर आयर्लंडमध्ये २०१४ पासून घरमालकांची नोंदणी सुरू झाली. वेल्समध्ये २०१४ च्या अधिनियमान्वये नोंदणीबरोबर, घराचा कारभार स्वतः पाहणाऱ्या मालकास परवानाही सक्तीचा करण्यात आला. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ काही विशिष्ट क्षेत्रांपुरतीच परवाना-पद्धती होती. तेथील खासगी भाडेव्यवहारासाठी देशव्यापी माहितीसंचाची तरतूद २०२५ च्या अधिनियमाने केली. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात २००४ च्या कायद्यानुसार नोंद होते ती मालकाची नव्हे, तर भाडेदारीची.

मुंबईशी या इतिहासाचा धागा जुळतो तो युद्धकालीन भाडेनियंत्रणातून. ब्रिटनमधील १९१५ च्या कायद्यानंतर तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबईत युद्धकालीन भाडेनिर्बंधांचा अधिनियम झाला. एडिंबरोच्या जुन्या नगरातील जेम्स कोर्ट येथील टेनमेंटमध्ये स्वतः राहून ती वस्ती सुधारण्याचा प्रयोग करणारे नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक होते. खाली पेढी वा दुकान आणि वर बिऱ्हाडे ही रचना गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी या भागांतील चाळींत त्यांनाही परिचित वाटली असावी. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने निवासी व व्यापारी अशा दोन्ही जागांना एकाच कायद्याखाली आणले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, हीच चौकट ठेवली व त्याच्या ५५ व्या कलमाने भाडेकराराची लेखी नोंदणी सक्तीची करून ती करवून घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली. नोंदणी नसल्यास कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा नसेल तर, ग्राह्य धरले जाते; मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे नोंद होते ती कराराची. त्यामुळे दुकान व घर दोन्ही नोंदणीत येतात. परंतु मालक त्या कामास लायक आहे काय, हा प्रश्न विचारला जात नाही. स्कॉटलंडच्या पद्धतीत हा प्रश्न विचारला जातो. पण दुकान बाहेर राहते.

भाड्याच्या घरांच्या नोंदणीचे घर, करार व मालक असे तीन प्रकार या इतिहासातून स्पष्ट होतात आणि त्यांपैकी एकही एकटा पुरेसा नाही. संमिश्र इमारतीत पाया, भिंती व छप्पर ही सर्वांची मिळून एकच असतात, तर कायद्याच्या वह्या मजल्यांप्रमाणे वेगळ्या. गळणारे छप्पर अथवा सुटू पाहणारा दगड निवासी आणि व्यापारी असा भेद करीत नाही. करआकारणीसाठी ठेवलेल्या जुन्या मूल्यांकनपटात ही एकता नकळत टिकली होती. जबाबदारीसाठी ठेवलेल्या नव्या नोंदवहीत ती अद्याप साधावयाची आहे.